मुलगी ‘कॉमर्स’ला आहे? मग घरची वही तिच्या हाती द्या



बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघर एकच चर्चा सुरू होते. ज्याला गुण भरपूर तो डॉक्टरीला किंवा इंजिनियरिंगला, ज्याला शेतीची ओढ तो कृषी पदवीला, आणि उरलेली मुले-मुली ‘कॉमर्स’ला. मुलींच्या बाबतीत तर हे फारच दिसते. कॉलेज तालुक्याच्या गावी असते, एस.टी.ची सोय असते, फी बेताची असते. मग ‘स्थळ येईपर्यंत बी.कॉम. तरी होऊ दे’ असे म्हणून नाव घातले जाते. पुढे ती पोर वर्षानुवर्षे पुस्तके घेऊन जाते-येते. ती काय शिकते, हे मात्र घरात कोणी विचारत नाही.

आज मी तुम्हाला तेच विचारायला सांगणार आहे.

मी स्वतः शेतकी पदवीधर. बेणे कोणते निवडावे, खताची मात्रा किती द्यावी, पाण्याची पाळी केव्हा द्यावी, हे सांगत गावोगाव हिंडण्यात माझी नोकरी गेली. पण बांधावर बसल्यावर शेतकरी जो प्रश्न शेवटी हळूच काढतो, तो यातला नसतोच. तो विचारतो, “साहेब, गुऱ्हाळ यंदा पेटवावे का बंद ठेवावे? आणखी एक गाय बांधावी का? ट्रॅक्टर घ्यावा का भाड्यानेच भागवावे?” या प्रश्नांचे निम्मे उत्तर शेतीशास्त्रात आहे. उरलेले निम्मे उत्तर तुमच्या मुलीच्या दप्तरात आहे. त्या विषयाला कॉलेजात ‘मॅनेजमेंट अकौंटिंग’ म्हणतात. पुस्तकी मराठीत त्याला ‘व्यवस्थापकीय लेखाकर्म’ असे भारदस्त नाव आहे. नाव जड असले तरी काम साधे आहे. काय करावे आणि काय करू नये, हे ठरवण्यासाठी मांडलेला हिशेब म्हणजे हा विषय.

जमाखर्च वेगळा, हा हिशेब वेगळा

आपल्याकडे वही काही नवीन नाही. दिवाळी पाडव्याला आपण वहीपूजन करतो. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द सेवा सोसायटीच्या सभेत आपण ऐकतो. पण तो हिशेब मागे पाहणारा असतो. गेल्या वर्षी किती आले, किती गेले, कोणाचे किती देणे राहिले, हे तो सांगतो. तो सरकारला, बँकेला, सभासदांना दाखवायचा असतो, म्हणून त्याला कायद्याचे साचे असतात.

व्यवस्थापकीय हिशेब पुढे पाहणारा आहे. तो कोणाला दाखवायचा नसतो, तो मालकासाठी असतो. त्यात पहिला प्रश्न असा : मी हे काम केले तर कोणता खर्च वाढेल आणि कोणता खर्च तसाच राहील? गाय दूध देवो अथवा न देवो, गोठ्याचे पत्रे तेवढेच लागतात. तो झाला स्थिर खर्च. पेंड मात्र गाईच्या संख्येप्रमाणे आणि दुधाप्रमाणे वाढते. तो बदलता खर्च. दुसरा प्रश्न : हे केल्याने माझे दुसरे काय हुकले? जो ऊस गुऱ्हाळाला गेला, त्याचे कारखान्याचे बिल हुकले. हे हुकलेले उत्पन्नही खर्चातच धरायचे. तिसरा प्रश्न : कोणता पैसा आता काही केले तरी परत येणार नाही? तो बुडीत खर्च. त्याच्याकडे पाहून पुढचा निर्णय करायचा नाही.

या तीन प्रश्नांवर या विषयाचा मोठा भाग उभा आहे. बाकीचे कोष्टक आणि सूत्रे यांतूनच निघतात.

हा विषय मातीतून आला आहे

हे सारे साहेबाच्या कंपन्यांसाठी आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण याची एक जुनी गोष्ट कुंभाराच्याच घरची आहे. इंग्लंडात जोसाया वेजवुड नावाचा एक मोठा कुंभार-कारखानदार होऊन गेला. १७७२ साली तेथे व्यापारात मंदी आली, मालाचा उठाव थंडावला. तेव्हा वेजवुडने एकेका भांड्याला खरोखर खर्च किती येतो हे बसून काढले. त्याच्या ध्यानात आले की, भांडी थोडी केली किंवा जास्त केली, तरी खर्चाचा मोठा भाग हलत नाही. मग किंमत किती उतरवली तर चालेल आणि कोणता माल किती काढावा, हे त्याला त्या हिशेबावरून ठरवता आले.

आपल्या शेजारी वाई तालुक्यातही असे काम झाले आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने तेथल्या शेतीधंद्याची पाहणी झाली आणि १९४० साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते. सहकारी साखरधंद्याच्या पायात नुसती भावना नव्हती, हिशेबही होता, हे आपण विसरता कामा नये.

आजही तुमच्या पिकाचा हमीभाव ठरतो तो असल्याच हिशेबावर. केंद्र सरकारचा कृषी मूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला. तो उत्पादनखर्च तीन तऱ्हांनी मांडतो. पहिल्या तऱ्हेत फक्त प्रत्यक्ष केलेला खर्च धरतात. दुसऱ्या तऱ्हेत त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवतात. तिसऱ्या तऱ्हेत स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याजही धरतात. २०१८ साली सरकारने दीडपट हमीभाव जाहीर केला तो दुसऱ्या तऱ्हेच्या खर्चावर. शेतकरी संघटना मागतात तो तिसऱ्या तऱ्हेच्या खर्चावर. मोर्चात ज्यावरून एवढा वाद होतो, तो मुळात कॉमर्सच्या वर्गातला प्रश्न आहे : खर्च म्हणजे नेमका कोणता खर्च?

गुऱ्हाळ पेटवावे का?

आता कोल्हापूरच्या जिव्हाळ्याचा विषय घेऊ. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर गेले. २०१४ साली या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढा नावलौकिक असूनही गावोगावची चुलवाणे थंड होत आली आहेत. ज्या घरात आजोबांच्या काळापासून गुऱ्हाळ आहे, तेथे दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास तोच वाद होतो. म्हातारे म्हणतात, घाणा बंद ठेवला तर लोक काय म्हणतील? तरुण म्हणतात, कारखान्याला ऊस घालू आणि मोकळे होऊ. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघांजवळही आकडा नसतो.

आपण एक नमुन्याचा हिशेब करू. आकडे सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच राहील.

आधी कारखान्याचा भाव. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली आणि त्यापुढे उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ दिली. आपल्याकडे उतारा चांगला असतो, पण तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. असे सर्व होऊन टनामागे तुमच्या हातात ३,४०० रुपये पडतात असे समजा.

आता गुऱ्हाळ. एका टन उसाला ११५ किलो गूळ पडला आणि किलोला ४२ रुपये भाव मिळाला, तर टनाला ४,८३० रुपये आले. आकडा पाहून म्हातारे खूष होतील. कुठे ३,४०० आणि कुठे ४,८३०! पण थांबा. टनामागचा बदलता खर्च मांडू. ऊस तोडून गुऱ्हाळापर्यंत आणायला ४५० रुपये, गुळव्या, जळव्या आणि इतर माणसांची मजुरी ४५०, वीज किंवा डिझेल १००, भेंडी, चुना, कापड वगैरे ५०, बाजारापर्यंतची वाहतूक, हमाली, तोलाई ८०. एकूण झाले १,१३० रुपये. चोयट्या घरच्याच असल्याने जळणाचा खर्च धरलेला नाही. ४,८३० मधून १,१३० गेले, राहिले ३,७००. त्यातून कारखान्याचे हुकलेले ३,४०० वजा करा. ऊस घरचा असला तरी तो फुकटचा नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा. उरले टनाला ३०० रुपये. गुऱ्हाळाची खरी कमाई एवढीच.

आता स्थिर खर्च. घाण्याची आणि काहिलीची डागडुजी, चुलवाणाची दुरुस्ती, वीजजोडणीचा आकार, रखवाली, मजुरांना दिलेल्या उचलीतून बुडणारा भाग, असे धरून हंगामाला १,५०,००० रुपये. यंत्रसामग्रीची झीज आणि तिच्यासाठी पूर्वी काढलेल्या कर्जाचे व्याज मिळून ९०,००० रुपये. एकूण २,४०,०००.

टनाला ३०० सुटतात, तर २,४०,००० निघायला ८०० टन ऊस गाळावा लागेल. ८०० टनांना नफा नाही, तोटाही नाही. याला पुस्तकात ‘समविच्छेद बिंदू’ म्हणतात. आपण त्याला काठ म्हणू. काठाच्या पलीकडे गेलात तर कमाई, अलीकडे राहिलात तर बुडीत.

समजा तुमच्याकडे घरचा आणि भाऊबंदांचा मिळून ६०० टनच ऊस आहे. ६०० टनांचे १,८०,००० सुटतील, खर्च २,४०,०००, म्हणजे ६०,००० रुपये तोटा. मग गुऱ्हाळ बंद ठेवावे का? तरुण म्हणतील, होय. पण येथेच या विद्येची खरी गंमत आहे. बंद ठेवले तरी झीज आणि जुन्या कर्जाचे व्याज चुकणार आहे का? ते ९०,००० रुपये जाणारच. म्हणजे बंद ठेवून ९०,००० तोटा आणि चालवून ६०,००० तोटा. घाणा दारात उभाच असेल, तर यंदापुरते चालवलेले ३०,००० रुपयांनी बरे. बंद ठेवल्याने जो खर्च वाचतो तो १,५०,०००. तो भरून निघायला ५०० टन पुरेत. तेव्हा उत्तर असे निघते : ५०० टनांच्या आत ऊस असेल तर यंदा पेटवू नका. ५०० ते ८०० च्या मध्ये असेल तर यंदा चालवा, पण नवी काहील, नवा घाणा, नवे शेड यांत एक पैसाही घालू नका. आणि घाण्याला आज बरे गिऱ्हाईक येत असेल तर विकण्याचाही विचार करा. ८०० च्या वर खात्रीचा ऊस असेल तरच पुढच्या वर्षांचा विचार करा. पाहा, म्हाताऱ्यांचेही थोडे खरे निघाले आणि तरुणांचेही.

आता भावाचे पाहा. गूळ किलोला दोन रुपयांनी वाढला तर टनाला २३० रुपये जास्त आले, सुटणारी रक्कम ५३० झाली आणि काठ ८०० वरून सुमारे ४५३ टनांवर आला. तोच भाव दोन रुपयांनी उतरला, तर टनाला ७० रुपयेच सुटतात. काठ ३,४०० टनांच्याही पुढे जातो. एवढा ऊस आपल्या गुऱ्हाळाला गाळणे शक्य नाही. म्हणजे दोन रुपयांच्या अंतरावर कमाई आणि दिवाळे शेजारी-शेजारी उभे आहेत. ६०० टन गाळायला निघालेल्याने हंगाम अर्धा झाल्यावर भाव उतरला तर काय करायचे, हे मजुरांना उचल देण्याच्या आधी ठरवायला हवे.

आणखी एक बारकावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याचे बिल १४ दिवसांत मिळायला हवे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज देय आहे. ते बिल चार महिने रखडले, व्याजही हाती आले नाही, आणि तुम्ही तेवढ्यासाठी दुसरीकडून १२ टक्क्यांनी पैसे उचलले, तर ३,४०० रुपयांवर १३६ रुपये व्याजातच गेले. मग त्या उसाची किंमत तुमच्यापुरती ३,२६४ च झाली आणि गुऱ्हाळाचा पलडा तेवढा जड झाला. पैसा किती येतो याइतकेच तो केव्हा येतो हेही मोजावे लागते.

गोठ्यातले न मोजलेले तास

भगिनींनो, हा भाग खास तुमच्यासाठी.

१९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ निघाला, ज्याला आपण ‘गोकुळ’ म्हणतो. तेव्हापासून दुधाच्या पैशाने कित्येक घरांचा बाजारहाट चालवला आहे. पण गाय परवडते का, असे विचारले तर घरातला कर्ता म्हणतो, “परवडते की! पेंडीचे पैसे वजा जाऊन चार पैसे राहतात.” आपण नमुना पाहू.

एक संकरित गाय वर्षात ३०० दिवस दूध देते, सरासरी रोज १० लिटर. ३,००० लिटरला ३५ रुपयांप्रमाणे १,०५,००० रुपये झाले. शेणखताचे १०,००० धरा. जमा १,१५,०००. पेंड आणि खुराक ४२,०००. वैरण ३३,०००, यात घरची वैरणही बाजारभावाने धरली आहे. औषधपाणी, रेतन, विमा ६,०००. एकूण ८१,०००. राहिले ३४,०००. गाय ८०,००० ला घेतली, पाच वर्षांनी ३०,००० ला गेली, म्हणजे वर्षाला १०,००० झीज. गोठ्याचे २,०००. उरले २२,०००.

हे २२,००० रुपये कशाचे? नफ्याचे नव्हेत. पहाटे उठून शेण काढणे, धार काढणे, वैरण कापणे, पाणी पाजणे, दूध डेअरीला पोचवणे, रोजचे तीन तास. वर्षाचे झाले १,०९५ तास. २२,००० ला १,०९५ ने भागा. ताशी २० रुपये पडले. आता तुमच्या गावात भांगलणीला बाईमाणसाला दिवसाची मजुरी किती आणि तास किती, ते काढा आणि शेजारी मांडा. मग कळेल की गाय परवडते ती कोणाच्या जिवावर.

हे वाचून लगेच गाय बाजारात नेऊ नका. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या त्या तासांना दुसरीकडे मजुरी मिळणार नसेल, तर २० रुपयेही सोडण्यासारखे नाहीत. शिवाय दुसरी गाय बांधली तर तीन तासांचे सहा होत नाहीत, साडेचार होतात. गोठा तोच राहतो. दुसऱ्या गाईचे ३४,००० मधून झीज १०,००० गेली, राहिले २४,०००, आणि वाढलेले तास साधारण ५४८. म्हणजे ताशी ४४ रुपये. ८०,००० चे कर्ज १० टक्क्यांनी काढले तर पहिल्या वर्षी ८,००० व्याज जाऊन ताशी २९ पडतील. दोन्ही गाईंचे मिळून काय होते आणि घरातल्या बाईच्या अंगात आणखी दीड तासाचे बळ आहे का, हे दोन्ही पाहून ठरवा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत सापडणार नाही, ते तिलाच विचारावे लागेल. पण निदान तिला विचारायचे आहे एवढे तरी वहीमुळे सुचते.

ज्या हिशेबात घरच्या बाईचे श्रम शून्य धरले आहेत, तो हिशेब खोटा आहे. असल्या हिशेबावर गाई वाढतात, कर्ज वाढते आणि बाई मात्र झिजते. माझ्या मते हा विषय गावात यायला हवा याचे सर्वांत मोठे कारण हेच.

कोल्हापुरात हे शिक्षण

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे या विद्यापीठाकडे आहेत. गावाकडच्या मुलामुलींना उच्च शिक्षण घराजवळ मिळावे, हा त्यामागचा हेतू. १९७६ साली डॉ. ए. डी. शिंदे यांनी कोल्हापुरात व्यवसायशिक्षणाची ‘सायबर’ ही संस्था काढली, तिला छत्रपती शाहूंचे नाव आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. घरकाम, शेतीकाम सांभाळून शिकू पाहणाऱ्या सुनेला तो रस्ता मोकळा आहे.

बी.कॉम.ला मुले आधी जमाखर्च पक्का करतात, मग परिव्ययाचा म्हणजे वस्तूला येणाऱ्या खर्चाचा हिशेब शिकतात. एम.कॉम. आणि एम.बी.ए.ला अंदाजपत्रक बांधणे, ठरवलेला खर्च आणि झालेला खर्च यांतला फरक शोधणे, काठ काढणे, यंत्र घ्यावे की भाड्याने आणावे हे ठरवणे, असे विषय येतात. ज्याला याच वाटेने पुढे जायचे आहे त्याच्यासाठी परिव्यय लेखापालाची परीक्षा आहे. १९५९ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था ती घेते. बारावीनंतरही तिची वाट धरता येते. साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, इचलकरंजीचे कापड, कोल्हापूरच्या फौंड्र्या, या सगळ्यांना असला हिशेब जाणणारी माणसे लागतात. तेव्हा नोकरीच्या दृष्टीनेही हा विषय कमी नाही.

पण एक अडचण सांगतो. पुस्तकातली उदाहरणे बहुधा कारखान्याची असतात. अमुक कंपनी इतके पंखे करते, तमुक कंपनी इतके टायर करते. गावाकडच्या मुलीने पंख्याचा कारखाना पाहिलेला नसतो. ती सूत्र पाठ करते, परीक्षेत गुण मिळवते आणि विसरते. जिने गुऱ्हाळावर लहानपणी गरम गूळ खाल्ला आहे, जिने पहाटे धार काढली आहे, तिच्यापुढे पंख्याऐवजी गुळाच्या रव्याचा हिशेब आला, तर तो जन्मात विसरणार नाही. हे काम कॉलेज करील तेव्हा करील. ते घरी करता येते, आणि आजपासून करता येते.

घरी काय करावे

एक दोनशे पानी वही आणा आणि मुलीला म्हणा, “पोरी, आपल्या घरचा हिशेब तू मांड.” ती सुरुवातीला लाजेल. तिला पुढील गोष्टी सांगा.

एक : प्रत्येक धंद्याला वेगळे पान ठेवावे. ऊस, भुईमूग, गाय, ट्रॅक्टर एकत्र मिसळू नयेत. उसाच्या बिलातून गाईची पेंड आणली तर पेंड गाईच्याच पानावर लिहावी. कोण कोणाला पोसतो आहे ते त्यानेच कळते.

दोन : घरची वस्तू फुकट धरू नये. घरचे बेणे, घरची वैरण, घरचे शेणखत, सर्वांना त्या दिवसाचा बाजारभाव लावावा.

तीन : घरच्या माणसांचे तास लिहावेत. आईचे, वहिनीचे, आजीचेही. पैसे द्यायचे नसले तरी लिहावेत.

चार : स्थिर खर्च एका बाजूला, बदलता खर्च दुसऱ्या बाजूला मांडावा. शंका आली तर विचारावे, “हे काम यंदा केलेच नाही तर हा खर्च राहील का जाईल?”

पाच : लग्न, बारसे, दवाखाना, जत्रा हा घरखर्च शेवटच्या पानावर ठेवावा. तो शेतीच्या तोट्यात मिसळला की दोन्ही कळत नाहीत.

मोबाईलवर पैसे देण्याघेण्याची नोंद आपोआप राहते, तिचा उपयोग करावा; पण तास आणि घरचा माल मोबाईल लिहीत नाही, ते वहीतच लिहावे लागेल.

वडीलधाऱ्या मंडळींना एक विनंती. मुलगी जेव्हा वही पुढे ठेवून म्हणेल, “आबा, दोन वर्षे झाली, ट्रॅक्टर स्वतःचा हप्ता भरत नाही, ऊस भरतो आहे,” तेव्हा तिला ‘तुला काय कळते शेतीतले’ असे म्हणू नका. तिला शेतीतले कळत नसेल, तर तुम्ही सांगा. नांगरट वेळेवर झाल्याने उत्पादन किती वाढले, हे तिला ठाऊक नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. तो आकडा तिला द्या, ती वहीत घालील, आणि कदाचित ट्रॅक्टर बरोबरही निघेल. तुमचा अनुभव आणि तिची रीत एकत्र आली तरच हिशेब खरा होतो. एकट्या अनुभवाला वाटते की मागे चालले तसे पुढेही चालेल. एकट्या पुस्तकाला वाटते की सगळे आकड्यात मावते. जमिनीचा कस, भावाभावातला शब्द, गड्याचा जुना संबंध, यांना भाव लावता येत नाही. ते ठेवायचे असेल तर जरूर ठेवा, पण त्यासाठी वर्षाला किती रुपये पदरचे घालतो आहोत, हे डोळ्यांनी पाहून ठेवा.

मुली लग्न होऊन परक्या घरी जातील, मग त्यांना घरचा हिशेब कशाला शिकवायचा, असेही कोणी म्हणेल. अहो, ती ज्या घरी जाईल तेथेही ऊस असेल, गाय असेल, सोसायटीचे कर्ज असेल. तेथे कागदावर अंगठा उठवण्याआधी चार ओळी वाचणारी, दोन बेरजा करणारी सून आली, तर ते घर कर्जातून वाचण्याची आशा आहे. आणि तुमच्या घरी येणारी सूनही कोणाची तरी कॉमर्स शिकलेली मुलगीच असेल. तिची पदवी पेटीत ठेवू नका.

येत्या दिवाळी पाडव्याला वहीपूजन कराल, तेव्हा पहिल्या पानावर श्रीकार तिच्या हातून घाला आणि दुसऱ्या पानावर पहिला प्रश्नही तिलाच लिहू द्या. मात्र पाडव्याची वाट पाहत बसू नका. दुधाचे बिल येईल, त्याच दिवशी गाईच्या पानाला सुरुवात करा.